जुन्या एलसीडी मॉनिटरपासून घरगुती प्रोजेक्टर: मापं, जोडणी आणि नेहमीचे बिघाड

एलसीडी मॉनिटरचं पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्यावर चित्र उमटतं, प्रकाश मात्र मागच्या बॅकलाइटमधून येतो. तो बॅकलाइट काढून मागे जोरदार दिवा आणि पुढे भिंग ठेवलं की भिंतीवर चित्र पडतं. तत्त्व एवढंच आहे. काम बिघडतं ते दोन ठिकाणी: भिंगांची अंतरं आणि पॅनेलची उष्णता. म्हणून पेटी शेवटी करायची. आधी सगळे भाग टेबलावर उघडे मांडायचे, अंतरं जुळवायची, ती मोजून लिहून ठेवायची आणि मगच प्लायवूड कापायचं.

उजेडाचा हिशेब आधी मनात पक्का करा. रंगीत एलसीडी पॅनेल मागून आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ५ ते ८ टक्के पुढे सोडतं. ध्रुवक फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणारी पोलरायझर फिल्म) निम्म्याहून जास्त प्रकाश खाते. लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांतून उरलेल्याचा साधारण तिसरा हिस्सा पार होतो, आणि पिक्सेलभोवतीच्या तारांची सावली वेगळीच. १०० वॉटचा एलईडी ९,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) देत असला तरी त्यातला पाव ते तिसरा हिस्सा पॅनेलवर पडतो आणि पडद्यावर शंभर-सव्वाशे ल्युमेन पोचतात. पूर्ण अंधाऱ्या खोलीत २ मीटर कर्णाच्या चित्राला एवढे पुरतात. दिवसा, पडदे उघडे ठेवून मात्र हा प्रोजेक्टर उपयोगाचा नाही.

मॉनिटर कोणता घ्यावा

१५ इंची, ४:३ आकाराचा, १०२४×७६८ पिक्सेलचा जुना मॉनिटर या कामाला सगळ्यात सोयीचा. त्याचा चित्रभाग ३०४×२२८ मिमी आणि कर्ण ३८१ मिमी असतो. या कामासाठी मिळणारी फ्रेनेल भिंगं (गोल खाचा असलेली सपाट, पातळ भिंगं) आणि ३२० मिमी फोकल लेंथची प्रोजेक्शन लेन्स याच मापाला बसतात. फोकल लेंथ म्हणजे समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर. १७ इंची पॅनेलचा कर्ण ४३२ मिमी भरतो. ३२० मिमीची लेन्स तेवढा भाग कडेपर्यंत स्वच्छ दाखवत नाही, त्याला ४५० मिमीच्या आसपासची लेन्स लागते आणि पेटीही लांबते. १९ इंचीच्या वाटेला जाऊ नका.

उघडण्याआधी मॉनिटर कॉम्प्युटरला जोडून पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, मग लाल, हिरवा, निळा असे पडदे दाखवून पाहा. उभी किंवा आडवी रेघ दिसली तर ते पॅनेल सोडून द्या. भिंतीवर ती रेघ पाचपट मोठी होते. बॅकलाइट गेलेला मॉनिटर मात्र खुशाल घ्या. कडेने टॉर्च धरला आणि चित्र पुसट दिसलं, तर पॅनेल शाबूत आहे.

दुसरी तपासणी उघडल्यावरच होते. पॅनेलच्या कडेला एक अरुंद सर्किट पट्टी असते. पातळ फिल्मच्या रिबननी ती काचेला जोडलेली असते आणि मागे दुमडलेली असते. ती पट्टी उलगडून बाजूला सरळ राहिली पाहिजे, नाहीतर तिची सावली चित्रात येते. पट्टी एकाच लांब बाजूला असेल तर काम सोपं. दोन बाजूंना पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आखूड केबल असेल, तर ती केबल वाढवावी लागते. तिथे अर्ध्या मिलिमीटर अंतरावरच्या पिना असतात. नवख्याने असं पॅनेल बाजूला ठेवून दुसरं शोधावं.

लागणारं सामान

पॅनेल, त्याचं मूळ बोर्ड आणि पॉवर सप्लाय मॉनिटरमधूनच मिळतो. त्याखेरीज हे लागेल:

– दोन फ्रेनेल भिंगं: एक २२० मिमी आणि एक ३३० मिमी फोकल लेंथचं, दोन्ही किमान ३२०×२४० मिमी
– तीन काचांची प्रोजेक्शन लेन्स (ट्रिप्लेट), फोकल लेंथ ३२० मिमी, व्यास ८० मिमीच्या आसपास
– १०० वॉटचा पांढरा सीओबी एलईडी (एकाच पाटीवर अनेक चिप बसवलेला), ५,५०० ते ६,५०० केल्विन
– त्याचा स्थिर करंटचा ड्रायव्हर, ३० ते ३६ व्होल्ट, ३ अँपियर
– एलईडीवर बसणारं काचेचं घुमटाकार भिंग, ८० ते ९० अंशांचं
– हीट पाइप असलेला कॉम्प्युटर प्रोसेसरचा कूलर आणि थर्मल पेस्ट
– १२ व्होल्टचे १२० मिमी पंखे दोन, आणि त्यांचा वेगळा सप्लाय
– ६० अंशाला उघडणारा थर्मल स्विच
– १२ मिमी प्लायवूड, मॅट काळा रंग, काळा जाड पुठ्ठा

पैसे कुठे घालायचे हा प्रश्न आला तर लेन्सवर घाला. दिवा पुढे कधीही बदलता येतो, पण वाईट लेन्सचं चित्र कुठल्याही दिव्याने सुधारत नाही. टेबलावर वापरायचं एकेरी बहिर्गोल भिंग लावलं तर मधोमध चित्र ठीक दिसतं. कडेला मात्र अक्षरांना लाल-निळ्या झालरी येतात आणि फोकस सुटतो. जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या डोक्यातली लेन्स याच फोकल लेंथच्या जवळपास असते, ती चांगली चालते.

मॉनिटर उघडणं

प्लग काढून किमान अर्धा तास थांबा. पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भरलेला असतो. बॅकलाइटला ट्यूब असलेल्या मॉनिटरमध्ये, तिला वीज देणाऱ्या इन्व्हर्टरच्या टोकांवर चालू असताना सहाशे-आठशे व्होल्ट येतात आणि ट्यूब पेटताना त्याहून जास्त. बोर्ड कडांनीच धरा.

मागचं झाकण काढलं की पत्र्याचा डबा दिसतो. त्यावरचे कनेक्टर सुटे करण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या. मग पॅनेलभोवतीची पत्र्याची चौकट, तिचे बारीक खटके एकेक करून उचला. चौकट निघाली की काचेचं पॅनेल नुसतं वर ठेवलेलं असतं. ते दोन्ही हातांनी कडांना धरून उचला आणि त्याच हालचालीत सर्किट पट्टीही सोबत उचला. पट्टी लोंबकळू दिली की रिबन काचेपासून सुटतात. एक रिबन सुटली की चित्रात बोटभर रुंदीचा उभा पट्टा मरतो आणि तो दुरुस्त होत नाही. म्हणून पॅनेल बाहेर काढल्याबरोबर काच आणि पट्टी एकाच सपाट पुठ्ठ्यावर ठेवून पट्टी चिकटपट्टीने पक्की करा.

खाली राहिलेल्या पांढऱ्या डिफ्यूझर फिल्म, प्रिझम फिल्म आणि जाड ॲक्रिलिक यांचं आता काम नाही. ट्यूब मात्र मोडू देऊ नका, त्यांत पारा असतो. मोडलीच तर खिडक्या उघडा, तुकडे ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात ठेवा, झाडू मारू नका.

पॅनेल सुटं करून परत जोडल्यावर बऱ्याच जणांना एक धक्का बसतो: चित्र येतं आणि दोन सेकंदांत काळं होतं. पॅनेल बिघडलेलं नसतं. बॅकलाइट लागला नाही हे बोर्डाला कळतं आणि ते स्वतःला बंद करतं. यावर सोपा उपाय म्हणजे मूळ ट्यूब किंवा एलईडी पट्टी त्यांच्या पन्हाळीसकट जोडलेलीच ठेवून पेटीच्या मागच्या कोपऱ्यात झाकून टाकायची. दुसरा उपाय म्हणजे एचडीएमआयवालं सार्वत्रिक कंट्रोलर बोर्ड घ्यायचं, ते बॅकलाइटकडे पाहत नाही. असं बोर्ड घेतलं तर पॅनेलच्या मागचा मॉडेल नंबर कळवून त्यासाठीच प्रोग्रॅम केलेलं घ्या. त्यावरचा व्होल्टेज जंपर (पॅनेलला किती व्होल्ट जातील ते ठरवणारी बारीक टोपी) पॅनेल जोडण्याआधी मीटरने तपासा. बहुतेक १५ इंची पॅनेल ३.३ व्होल्टवर चालतात, आणि जंपर चुकून १२ वर राहिला तर पॅनेल तिथेच जळतं.

पॅनेलच्या पुढच्या बाजूला खरखरीत, चमक कमी करणारा थर असतो, त्याने चित्र किंचित मऊ होतं. ओल्या कागदाखाली काही तास ठेवून तो सोलण्याची युक्ती काही पॅनेलवर चालते. पण बऱ्याच पॅनेलवर तो थर ध्रुवक फिल्मशी एकजीव असतो आणि फिल्मच फाटते. दुसरं पॅनेल हाताशी नसेल तर याच्या नादी लागू नका.

टेबलावरची मांडणी

क्रम असा: दिवा, २२० चं फ्रेनेल, पॅनेल, ३३० चं फ्रेनेल, प्रोजेक्शन लेन्स, पडदा. या सगळ्यांचे मध्य एका सरळ रेषेत हवेत. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेला दोरा याला पुरतो.

दोन्ही फ्रेनेलच्या खाचा पॅनेलकडे, गुळगुळीत बाजू बाहेर. खाचांवरून बोट फिरवलं की नखाला कळतात. उलटी लावली तर कोपऱ्यांचा उजेड कमी होतो आणि चित्र विस्कटतं.

पॅनेल ते लेन्स हे अंतर चित्राच्या आकारावर ठरतं. पॅनेलचा कर्ण ३८१ मिमी आहे. २ मीटरचा कर्ण हवा असेल तर वाढ ५.२५ पट. पॅनेलपासून लेन्सचं अंतर = फोकल लेंथ × (१ + १/वाढ), म्हणजे ३२० × १.१९ = ३८१ मिमी. लेन्सपासून पडद्याचं अंतर = फोकल लेंथ × (१ + वाढ), म्हणजे ३२० × ६.२५ = २,००० मिमी. अडीच मीटरच्या चित्रासाठी हेच आकडे सुमारे ३६९ आणि २,४२० मिमी येतात. पॅनेल आणि लेन्सच्या मधलं फ्रेनेल चित्राला थोडं मोठं करतं, त्यामुळे प्रत्यक्षात ७-८ टक्के मोठं चित्र पडलं तर हिशेब चुकला असं समजू नका. दोन्ही आकडे पाहिले की लक्षात येईल, चित्र अर्धा मीटर मोठं करायला लेन्स फक्त १२ मिमी सरकते. म्हणून लेन्स सरकत्या नळीवर बसवा आणि ५० मिमी हालचाल ठेवा, तेवढ्यात सगळे आकार येतात.

मागचं फ्रेनेल पॅनेलपासून १० मिमीवर आणि पुढचं २५ मिमीवर ठेवून सुरुवात करा. पुढचं फ्रेनेल याहून जवळ आणलं तर त्याच्या खाचा फोकसमध्ये येतात आणि पडद्यावर बारीक वर्तुळं दिसतात.

आता दिव्याची जागा. पुढच्या फ्रेनेलने सगळा प्रकाश प्रोजेक्शन लेन्सच्या तोंडात गोळा केला पाहिजे. वरच्या मांडणीत पुढचं फ्रेनेल लेन्सपासून ३५६ मिमीवर येतं, त्याची फोकल लेंथ ३३० आहे. म्हणजे प्रकाश २६ मिमी आधीच गोळा होईल. ही तूट दिवा पुढे आणून भरून काढायची: २२० ऐवजी २१० मिमीवर. तपासायची रीत अशी. पॅनेल काढून ठेवा, लेन्सच्या जागी पांढरा कागद धरा आणि दिवा मंद करंटवर लावा. कागदावर एलईडीचीच प्रतिमा दिसली पाहिजे, सुमारे ३७ मिमीचा चौकोन, त्यात पिवळसर ठिपक्यांच्या रांगा. ठिपके स्पष्ट दिसेपर्यंत दिवा मागेपुढे सरकवा आणि चौकोन बरोबर मध्यावर येईपर्यंत वरखाली. हे एकदा जमलं की कोपरे उजळतात.

याच चौकोनावरून आणखी एक गोष्ट कळते. दिव्याची प्रतिमा इथे १.७ पट मोठी होते आणि लेन्सचं तोंड ८० मिमीचं आहे. मोठ्या पृष्ठभागाचा एलईडी लावला तर त्याची प्रतिमा तोंडाबाहेर जाईल. तो जादा उजेड पेटीच्या भिंतींवर पडून तिला तापवेल, पडद्यावर जाणार नाही. नुसते वॉट वाढवून चित्र उजळत नाही ते याचमुळे.

उघडा सीओबी एलईडी समोर जास्त आणि कडेला कमी प्रकाश टाकतो. २१० मिमीवरून पाहिलं तर पॅनेलच्या कोपऱ्याला मध्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उजेड मिळतो. ८०-९० अंशांचं घुमटाकार भिंग हा फरक बराच कमी करतं. ६० अंशांचं घेऊ नका, पॅनेलचा कर्ण दिव्यापाशी ८४ अंशांचा कोन करतो, कोपरे काळे पडतील. घुमट लावल्यावर दिव्याची दिसणारी जागा बदलते, तेव्हा कागदाची तपासणी पुन्हा करा. घुमटामुळे ठिपके तेवढे रेखीव दिसणार नाहीत, त्यामुळे आता उजेडाचा डाग लहानात लहान आणि मध्यावर येईल ती जागा धरा.

चित्र उलटं येतं, ते असं सोडवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. लेन्स चित्र १८० अंशांत फिरवते, म्हणून पॅनेल उलटं, डोकं खाली करून बसवायचं हे बहुतेकांना माहीत असतं. पण पॅनेलची दर्शनी बाजू लेन्सकडे ठेवली तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी पडतात, पॅनेल कसंही फिरवलं तरी सुधारत नाहीत. दर्शनी बाजू दिव्याकडे करा आणि डोकं खाली. प्रकाश दोन्ही दिशांनी सारखाच पार होतो, पॅनेलला फरक पडत नाही. लांबी कमी करण्यासाठी मध्ये आरसा घातला असेल तर एक उलटापालट आरशानेच होते, मग दर्शनी बाजू लेन्सकडे राहू द्या. आरसा पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेलाच हवा. साध्या आरशात काचेचंही प्रतिबिंब पडतं आणि प्रत्येक अक्षराला पुसट जोडीदार दिसतो.

दिवा आणि उष्णता

१०० वॉटपैकी साधारण ७० वॉट एलईडीच्या पाठीतच उष्णता होऊन बसतात. कूलरचा तळ अगदी सपाट हवा. त्यावर एम३ (३ मिमी) स्क्रूसाठी आटे पाडा, थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि चारही स्क्रू तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा. एकच कोपरा आधी घट्ट केला तर एलईडीची पाठ उचलली जाते आणि मधले चिप काही तासांत काळे पडतात. ड्रायव्हर स्थिर करंटचाच घ्या. ३२ व्होल्टचा साधा सप्लाय जोडला तर एलईडी तापेल तसा करंट वाढत जातो आणि शेवटी तो जळतो. ३ अँपियरऐवजी २.४ वर चालवला तर उजेडातला फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही, उष्णता मात्र पाचव्या हिश्श्याहून जास्त घटते.

मेटल हॅलाइड दिवा जास्त उजेड देतो, हे खरं. पण त्याला बॅलास्ट (करंट आवरून धरणारा भाग) आणि काही हजार व्होल्टचा ठिणगीचा धक्का देणारा इग्नायटर लागतो. त्याच्यातून अतिनील प्रकाश येतो, दिवा आणि पॅनेलमध्ये उष्णतारोधक काच घालावीच लागते, आणि बंद केल्यावर थंड होईपर्यंत तो परत पेटत नाही. घरात, लाकडी पेटीत, पहिल्याच प्रयत्नाला तो वापरू नये.

पॅनेलवर पडणाऱ्या प्रकाशातला नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश पॅनेलच खातं, म्हणजे ८-१० वॉट पातळ काचेत जिरतात. दिव्याकडची ध्रुवक फिल्म त्यातला मोठा वाटा घेते. म्हणून मागचं फ्रेनेल आणि पॅनेल यांच्यातली १० मिमीची फट ही हवेची खरी वाट आहे. ती वरून-खालून मोकळी ठेवा. एक पंखा तळातून या फटीत हवा ढकलेल, दुसरा दिव्याच्या बाजूने वरून गरम हवा ओढेल. तळाच्या पंख्याला जाळीचा फिल्टर लावा, नाहीतर आठवड्याभरात पॅनेलवर धूळ बसते.

मॉनिटरची पॅनेल साधारण ५० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असतात. ४५ च्या खाली राहील असं पाहा. तापमापकाची टोचणी चित्राच्या कडेला चिकटवून पहिला तासभर नोंद घ्या. चित्राच्या मध्यावर ढगासारखा काळपट डाग उमटायला लागला तर लगेच दिवा बंद करा. पॅनेलमधला द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल) तापून विस्कटला आहे, थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. ध्रुवक फिल्म पिवळी-तपकिरी झाली की मात्र ती परत येत नाही. थर्मल स्विच एलईडीच्या कूलरवर बसवून ड्रायव्हरच्या येणाऱ्या वायरीत टाका. पंखा बंद पडला की दिवा आपोआप विझेल.

पेटी

आतून ७५० ते ८०० मिमी लांब, ४०० रुंद, ३५० उंच. वरचं झाकण स्क्रूचं ठेवा, कारण ते बरेच वेळा उघडावं लागतं. फ्रेनेल आणि पॅनेल तळाला खाचा करून उभे करा, चिकटवू नका. फ्रेनेलच्या चारही बाजूंना मिलिमीटर-दीड मिलिमीटर जागा सोडा, ॲक्रिलिक तापल्यावर फुगतं आणि जागा नसेल तर फुगवटा येऊन फोकस बिघडतो. आतून सगळं मॅट काळं. पॅनेलभोवती काळ्या पुठ्ठ्याची चौकट अशी कापा की काचेच्या कडेने एकही किरण निसटणार नाही. चित्र फिकट, धुरकट दिसण्याचं सर्वात नेहमीचं कारण ही गळतीच असते, पॅनेलचा दोष नव्हे.

चित्र पडद्यावर उंच हवं असेल तर पेटी तिरकी करू नका, चित्राचा समलंब चौकोन होतो. लेन्स आणि पुढचं फ्रेनेल दोन्ही पॅनेलच्या मध्यापासून वर सरकवा: लेन्स २० मिमी वर नेली तर वरच्या मापांत पडद्यावरचं चित्र सुमारे १२५ मिमी चढतं. पॅनेल, लेन्स आणि पडदा एकमेकांना समांतर राहिले की चौकोन चौकोनच राहतो.

दोष दिसला तर

एकच कोपरा काळा असेल तर दिवा मध्यावरून सरकला आहे. चारही काळे असतील तर दिव्याचं अंतर चुकलं आहे, कागदाची तपासणी पुन्हा करा. पडद्यावर लाटांसारखी जाळी दिसली तर फ्रेनेलच्या खाचा आणि पिक्सेलच्या रांगा एकमेकांत गुंतल्या आहेत, पुढचं फ्रेनेल ५-५ मिमी लांब न्या. मध्य स्वच्छ आणि कडा मऊ असतील तर आधी लेन्स पॅनेलला समांतर आहे का ते पाहा. एकच बाजू मऊ असेल तर कारण बहुधा तेच. चारही कडा सारख्या मऊ असतील तर लेन्सच्या तोंडावर ६० मिमी भोकाची काळी चकती लावा: उजेड थोडा घटेल, कडा सुधारतील. रेखीव काळे ठिपके पॅनेलवरच्या धुळीचे असतात, पुसट मोठे डाग फ्रेनेलवरच्या. दोन्ही हवेच्या फुंकणीने उडवा. फ्रेनेलच्या खाचांत कापड फिरवलं की धूळ आत दाबली जाते आणि निघत नाही, त्यासाठी सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश वापरा, खाचांच्या गोलाईने.